दहा पावलं मागे

मल्हार, तो मोबाइल पालथा ठेव आधी. लाइट यायची तेव्हा येईल. पुण्याहून आलात म्हणून बेंगळुरूत भुतं नसतात असं वाटतं की काय तुम्हाला? हसू नका. ज्याच्यावर बेतली तो बसवंत माझा वर्गमित्र. त्याच्याच तोंडून ऐकलंय मी.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. शुक्रवार, एकोणीस तारीख, वेळामावस्या. आनेकलहून दयानंदअण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे बसवंतचे जुने घरमालक. म्हणाले, "खोल्या पाडायला काढल्यात. माळ्यावर तुमची एक ट्रंक आहे, नेता का?" सरी, बरं म्हणून बसवंत आणि त्याची धाकटी बहीण पवित्रा हेब्बाळहून गाडीनं निघाले. मूळचे भालकीचे हे. वडील बोम्मसंद्राला कारखान्यात लागले म्हणून आनेकलला वाढले.

गल्लीत गाडी शिरेना, म्हणून बसस्टँडपाशी लावली आणि दोघं चालत निघाले. सात वाजून वीस मिनिटं झाली होती. वाटेत नुसता हशा. वडिलांची खडखड सायकल, नळावरची भांडणं, पवित्रानं गटारात टाकलेलं प्रगतिपुस्तक. सगळं आठवलं बघा. एका माणसाचं नाव मात्र दोघांनीही काढलं नाही.

ट्रंकेत निघाली एक काठवट. भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात हो, कडेला चिरलेली.

"दादा, घरी नेऊया," पवित्रा म्हणाली.

"कुठं ठेवणार? ध्रुव विचारील, कोणाची म्हणून."

"मग सांग की! तुझा पोरगा पंधरा वर्षांचा झाला, त्याला तिचं नावसुद्धा ठाऊक नाही. लाज नाही वाटत तुला?"

"तू तरी कुठं सांगितलंस कोणाला?"

पवित्रानं ट्रंकेचं झाकण लावलं. काठवट तिथंच राहिली.

आता ती कोण, ते ऐका. सांगताना माझीच मान खाली जाते. ती भागूआत्या. बसवंतची आई लवकर गेली, तेव्हा ही विधवा आत्या आली आणि दोघांना पोटच्या पोरांसारखं वाढवलं. पोरं दिवेलागणीनंतर घरी आली की दारातच थांबवायची. भाकरीचा तुकडा नि पाणी ओवाळून टाकायची, मगच आत घ्यायची. आम्ही शिकायचो इंग्रजी शाळेत. एकदा दुपारी ती डबा घेऊन फाटकाशी आली. नऊवारी, अनवाणी, हाताला पीठ. मी फिदीफिदी हसत विचारलं, "कोण रे ही?" हो, मीच तो नालायक. बसवंत म्हणाला, "आमची मेड." पवित्रा शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही.

आत्याला इंग्रजी कुठलं यायला? रात्री तिनं भावाला, म्हणजे बसवंतच्या वडिलांना, विचारलं, "दादा, मेड म्हणजे काय रे?"

त्या दिवसापासून ती रस्त्यात पोरांच्या बरोबरीनं कधी चालली नाही. दहा पावलं मागे. म्हणायची, "चारचौघांत तुम्हाला कमीपणा नको." ती गेली तेव्हा बसवंत हॉस्टेलला होता. परीक्षा आहे म्हणाला आणि आलाच नाही. परीक्षा नव्हती रे.

तर... दोघं रिकाम्या हातानं परत निघाले. गल्लीत दिवा नाही. थोडं गेल्यावर पवित्रानं भावाचा दंड धरला.

"दादा... मागं कोणी आहे."

पावलं वाजत होती. चपलांची नव्हेत. अनवाणी. हे थांबले की ती थांबत. हे चालले की ती चालत. अंतर तेवढंच. ना कमी, ना जास्त.

कोपऱ्यावर अण्णा खुर्ची टाकून बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणाले, "अहो, स्वल्प थांबा की! त्या अक्का मागं राहिल्यात. तुमच्याच ना?"

बसवंत म्हणाला, "नाही अण्णा. आमचं कोणी नाही."

मागची पावलं थांबली.

पवित्रा गर्रकन वळली. गल्ली रिकामी. "आत्या..." ती रडायलाच लागली. "चल गं घरी. आत्या?"

काही नाही... कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

हेब्बाळपर्यंत गाडीत दोघं एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हते. पोचायला पावणेदहा झाले. अकरावा मजला. लिफ्टमधून उतरले, दाराची बेल दाबली. ध्रुवनं दार उघडलं. बापाकडे बघितलं. मग बापाच्या खांद्यावरून पलीकडे, लिफ्टकडे.

"बाबा... त्या कोण?"

बसवंतनं मागं वळून पाहिलं नाही. त्याच्यानं वळवेना. पवित्रा त्याच्या तोंडाकडे बघत होती.

मग म्हणाला, "आत्या आहे माझी. भागूआत्या. तिनं वाढवलं मला... आणि मी तिला मोलकरीण म्हणालो."

तेवढं बोलून वळला. लिफ्टपाशी कोणी नव्हतं.

"पण दादा, खाली बघ," पवित्रा म्हणाली.

दाराच्या दोन्ही अंगांना ज्वारीच्या भाकरीचा एकेक तुकडा टाकलेला. मध्ये पाण्याची धार. बसवंतची बायको आसावरी आतून आली, तीही बघतच राहिली. त्या घरात ज्वारीचं पीठ कधी आणलेलंच नाही.

बसवंत मला सांगताना पोरासारखा रडला. म्हणाला, "बेल दाबली तेव्हाच पायाखाली ओलं लागलं होतं रे. मी तिचं नाव घ्यायच्या आधीच तिनं ओवाळून टाकलं होतं."

पवित्रानं वाकून एक तुकडा उचलला.

ऊन होता.