कृष्णकांतकाकांची बाटली

दुकानदारानं किंमत सांगितली आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अगं बाई! सोनं भरलंय का हिच्यात?"

"सोनं नाही हो... मका."

शेजारून आवाज आला, आणि मराठी मुलुखापासून इतक्या दूर, तोही मराठीत! मी वळले. बाहेर डिसेंबरचं धुकं, आत हीटर. त्यामुळे त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. तो चष्मा स्वेटरला पुसत होता आणि हसत होता.

"बर्बन म्हणजे मक्याचीच व्हिस्की," तो म्हणाला. "जाळून काढलेल्या लाकडी पिंपात मुरवतात. सोनं नंतर किमतीत घालतात."

"मी तुम्हाला विचारलं नव्हतं." माझ्या नाकावर राग कायम मुक्कामाला असतो.

"नव्हतं. पण महिन्याभरानं कुणीतरी मराठी बोललं... राहवलं नाही."

ओजस नाव त्याचं. मोहालीच्या एका कंपनीत नोकरी. दर रविवारी मित्र जमवायचे, खिशाला परवडणाऱ्या बाटल्या चाखायच्या आणि गुण द्यायचे, हा त्याचा नाद. त्या वेळी हातात होती पिवळ्या लेबलची, पत्र्याच्या झाकणाची, फळीवरची सगळ्यांत स्वस्त बर्बन.

"ही? ही पितं कोण!" मी म्हणाले.

"दहापैकी सहा. मी फुकटचे गुण देत नाही. एकदा चवीबाबत खोटं बोललं ना, की पुढे जीभच भरवशाची राहत नाही."

बाई गं, केवढा हा हरिश्चंद्र! "शनिवारच्या पाहुण्यांसाठी हीच हवी," म्हणत मी माझी गोल पोटाची, लाकडी बुचाची महागडी बाटली घेतली. निघताना त्यानं नंबर दिला. "पाहुण्यांना आवडली का... तेवढं कळवा."

दुसऱ्या दिवशी मी कळवलं, पण भांडायला.

"तुम्ही शेजारी उभे होतात! एका शब्दानं बोलला नाहीत! नकली बाटली गळ्यात मारली त्या दुकानदारानं माझ्या."

त्याचं असं होतं. माझे बाबा, बाळकृष्ण, गेल्या हिवाळ्यात गेले. केंद्र सरकारची नोकरी, सेक्टर सातातलं क्वार्टर. ते आता महिनाअखेरीस सोडायचं होतं. आई साताऱ्याला मामाकडे जाणार होती, मी पुण्याला बदली मागितली होती. त्याआधी बाबांच्या ऑफिसातले मित्र शनिवारी या घरात शेवटचे जमणार होते. बाबा दर दिवाळीला त्यांना बर्बन पाजायचे, त्यांच्यातल्याच कृष्णकांतकाकांनी अमेरिकेहून आणलेल्या बाटलीतली. ती बाटली संपायचीच नाही. सगळे तिला द्रौपदीची थाळी म्हणायचे. मी समजत होते, बाबा तीच नवी आणून भरत असतील. ओतण्याआधी ते बूच माझ्या नाकाखाली धरायचे. "घे रेवा, दिवाळी घे."

या शनिवारी काकांना मला तेच पाजायचं होतं, म्हणून त्याच नावाची बाटली मी आणली होती. बाबांच्या हातचं, शेवटचं. आणि नव्या बाटलीला तो वास नव्हता.

ओजस संध्याकाळी घरी आला. आईनं चहा दिला आणि बाबांची बाटली पाहताच ती आत निघून गेली. तळाशी बोटभर उरली होती. ओजसनं आधी नवी हुंगली, मग बाबांची. मग माझ्याकडे पाहिलं... आणि पाहतच राहिला.

"काय झालं?"

"नवी अस्सल आहे. बाकीचं... उद्या आलो तर चालेल?"

दुसऱ्या दिवशी त्यानं आमच्याच चार स्टीलच्या वाट्यांत चार बर्बन ओतल्या. कुठल्या, ते सांगितलं नाही.

"डोळे मिटा. नाक आत खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवा. आणि घाई... अजिबात नको."

"तुम्ही मास्तरच व्हायला हवं होतं."

"विद्यार्थिनी अशी असती तर झालो असतो."

माझे डोळे मिटलेले होते, म्हणून बरं. पहिल्या वाटीला नुसता स्पिरिटचा झणका. दुसरीला संत्र्याची साल. तिसरी त्यानं पुढे केली तेव्हा त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि त्याच क्षणी माझ्या नाकात भाजलेला मका आला, गूळ आला, खारे शेंगदाणे, ओलं लाकूड... आणि बाबा. बाबांचा स्वेटर. मी वाटी घट्ट धरून रडायला लागले. अनोळखी माणसासमोर रडायचं नसतं वगैरे काही सुचलं नाही. त्यानं बाकीच्या वाट्या हळूच बाजूला सारल्या, आणि त्यासाठी मी त्याची आजही ऋणी आहे.

"हीच," मी म्हणाले. "कुठली आहे?"

त्यानं पिशवीतून बाटली काढली. पिवळं लेबल. पत्र्याचं झाकण.

"म्हणजे... बाबा महागड्या बाटलीत ही भरून लोकांना फसवत होते?"

"मी फक्त वासाचं सांगू शकतो."

"तुम्ही कालच ओळखलं होतंत! मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही 'बाबा' म्हणताना तुमचा चेहरा..." तो अडखळला. "खोटं बोलवत नव्हतं. आणि खरं माझ्या तोंडून कळावं असंही वाटेना. म्हटलं, तुमचं तुम्हीच ओळखा."

"त्यांनी नाही फसवलं," दारातून आई म्हणाली. "मी ओतली ती."

पदरानं हात पुसत ती तिथेच उभी राहिली.

"तू आठवीत होतीस. कृष्णकांत भावजींनी बाटली दिली आणि माझं डोकं फिरलं. घरात दारू! हे ऑफिसात गेल्यावर सगळी बेसिनमध्ये ओतली. किती मोलाची, कुठून आणलेली, मला काय ठाऊक! संध्याकाळी तेच भावजी जेवायला येणार होते. हे घरी आले, रिकामी बाटली पाहिली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. तर यांनी गुपचूप बाटली धुतली, मिळाली ती आणून भरली आणि हसत हसत पाजली. पुढे दर वर्षी तेच. मला कोणी हसू नये म्हणून, गं. एका शब्दानं कधी बोलले नाहीत मला." तिनं माझ्याकडे पाहिलं. "शनिवारी भावजींना कळता कामा नये, रेवा. एवढं कर."

मी उठून तिला मिठी मारली. मघाशी बाबांना मी फसवे म्हणाले होते. जिभेला काही हाड!

शनिवारी काका आले, आणखी दोघे आले. ओजसलाही आईनंच बोलावलं. महागडी आम्ही कपाटात ठेवली. ती पाजली असती तर काकांनी पहिल्याच घोटाला विचारलं असतं, ही कुठली? बाबांच्या बाटलीत पिवळी भरून मी सगळ्यांना ओतली.

काकांनी घोट घेतला. डोळे मिटले.

"तीच! बाळकृष्णाचीच!" त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग ओजसकडे वळले. "तुम्ही यातले जाणकार म्हणे. सांगा बरं खरं, आमची बाटली अव्वल आहे की नाही?"

आईच्या हातातली चकल्यांची ताटली जागच्या जागी थांबली. फुकटचे गुण न देणारा माणूस! एक खरा शब्द, आणि बाबांनी इतकी वर्षं जपलेलं सगळं तिथेच संपलं असतं.

ओजसनं पेला ओठाला लावला. घोट सावकाश गिळला. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका," तो म्हणाला, "यापेक्षा चांगली मी आजवर चाखलेली नाही."

काका खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारत राहिले. आई ताटली घेऊन लगबगीनं आत गेली. ती आत रडली असणार. मी मात्र तिथेच उभी होते, आणि मला कळून चुकलं होतं की माझं काही खरं नाही.

सगळे गेल्यावर मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. धुक्यात रस्त्यावरचे दिवे पुसट झाले होते.

"खोटं बोललास," मी म्हणाले.

"हो."

"गुण सहाच ना?"

"सहाच." तो थांबला. "पण ते वाक्य उच्चारलं तेव्हा... मला खरंच वाटलं ते. तू समोर होतीस."

मी शालीखालून बाबांची बाटली काढली. मघाशीच धुतली होती. ती त्याच्या हातात दिली.

"दिवाळीला काका परत येतो म्हणालेत. भरून आण. पिवळीच हं."

"दिवाळीला तू तर पुण्यात असशील..."

"बाबांची बाटली इथे ठेवून मी पुण्याला जाईन, असं वाटतं तुला? बदलीचा अर्ज मागे घेतेय मी."

बाटली त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली. आतून आईची हाक आली, "रेवा, त्याला म्हणावं, जेवल्याशिवाय जायचं नाही."