संपततात्याचा कान

देवानंद, ती काडी आधी कानातून काढ. काढ म्हणलं ना! शी… अन् आता तिचा वास कशाला घेतो, फेक तिकडं. कान हाय का मोरी हाय ती? अप्पाराव, तू हसू नको, परवा तूबी किल्ली घालून फिरवून राह्यला व्हता. सरका जवळ. कंदील बारीक करा, किडे यायलेत. ही धुळाजीची गोष्ट हाय, त्याच्या तोंडून ऐकली तशीच सांगायची, आपल्या पदरचं काही घालायचं न्हाई. मधी कोणी उठायचं न्हाई. कोणाला ओकारी आली तर पलीकडं जाऊन ओका.

धुळाजी ठाऊक हाय ना, टेंभुर्णीच्या वाटंवर वस्ती करून राहतो तो. आधी मेंढरं व्हती, मंग जमीन कसायला लागला. साल त्र्याहत्तर. दुष्काळ सरून पहिल्यांदा शिवार हिरवं झाल्तं. नवरात्राची पाचवी माळ. धुळाजी दिवस कलताना टेंभुर्णीला निघाला. काम साधंच. सरकारी दवाखान्यातून लेकीच्या कानात घालायची थेंबाची बाटली आणायची. सकाळी गाडी जुंपून लेकीला दाखवून आणल्तं, पण बाटली शिल्लक नव्हती. डाक्टर म्हणला व्हता, संध्याकाळच्या मोटारीनं येईल, तू परत ये.

लेक म्हणजे इंद्रायणी. आठ वर्षांची असंल. धुळाजीचा सगळा जीव तिच्यात. आदल्या साली तिचा डावा कान फुटला. पिवळा पू, अन् वास असा की उशाशी बसवेना. तवा धुळाजीनं काय करावं? दवाखान्यात न्यावं का न्हाई? न्हाई. तो गेला संपततात्याला विचारायला.

हा संपततात्या त्याचा सख्खा चुलता. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. मेंढीच्या जखमेत अळ्या पडल्या की सीताफळाचा पाला वाटायचा, जखमेत कोंबायचा, वरून रस पिळायचा. अळ्या टपाटपा गळतात. ते औषध खरं हाय, पण मेंढीच्या जखमेचं! तात्याचे स्वतःचे दोन्ही कान ल्हानपणापासून वाहायचे, अन् हा बाबा त्यातबी तोच पाला कोंबायचा. कानातून हिरवा बोळा बाहेर आलेला, बोळ्याभवती पूची पपडी, पपडीवर माश्या. पंगतीला शेजारी बसला की भाकर घशाखाली उतरत नसे. ठार बहिरा झाल्ता, तरी म्हणायचा, "पाल्यानं लई बरं वाटतं."

अन् धुळाजीनं त्याचं ऐकलं. मेंढीला चालतं ते लेकीला का चालणार न्हाई, असा हिशेब. जयवंताबाईनं, म्हणजे बायकोनं, पोरीचं डोकं मांडीवर दाबून धरलं. धुळाजीनं रस पिळला. पोर अशी किंचाळली की खुंट्यावरची बैलं उठली. मंग चार दिवस तिला उभं राहता येईना. उठली की भिंत फिरती म्हणायची, ओकायची, पुन्हा पडायची. पाचव्या दिवशी दुखायचं थांबलं. हे म्हणले, गुण आला. गुण कसला? कानच मेला व्हता.

तात्या त्यानंतर फार जगला न्हाई. दुष्काळात वाटंलगत विहिरीचं काम निघालं, खडक फोडायला सुरुंग लावायचे. तात्या तिथं खडी उचलायला. वरून मुकादम वरडला, "बार हाय… पळा!" सगळे पळाले. तात्या पाठमोरा. कानात पाल्याचे बोळे. तो वाकून खडीच भरीत राह्यला. काय सापडलं ते विचारू नका. जे सापडलं ते धुळाजीनं स्वतःच्या धोतरात गोळा केलं, अन् महिनाभर त्याच्या हाताला बारूदीचा वास यायचा.

अन् आता इंद्रायणीचा उजवा कानबी फुटला व्हता. राह्यलेला एकुलता एक.

सकाळी डाक्टरनं डाव्या कानात बॅटरी मारून पाहिलं अन् विचारलं, "यात काय घातलं होतं?" धुळाजीनं सांगितलं. डाक्टर तरणा पोरगा, पण असा भडकला की बस! "मेंढी अन् मुलगी एकच वाटली काय रे तुला?" मंग जरा शांत झाला अन् समजावून सांगायला लागला. म्हणला, बाहेरून दिसतो तो नुसता कानाचा दरवाजा. आत पडदा असतो. पडद्यामागं तिळाएवढाली हाडं. त्यांच्या मागं खरा कान, गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळा, पाण्यानं भरलेला. पाण्यात केस असतात, डोळ्याला दिसणार न्हाईत इतके बारीक. आवाज आला की पाणी हलतं, पाण्यानं केस हलतात, तवा डोक्याला कळतं की कोणी हाक मारली. तोल सांभाळायची जागाबी तिथंच, शंखाला चिकटून. म्हणून तिची भिंत फिरत व्हती. कान फुटला म्हणजे पडद्याला भोक पडलं. भोकातून जे घालाल ते थेट शंखापाशी. तुझ्या रसानं ते केस जाळले. सुरुंगाच्या दणक्यानं मरतात, कुठल्या कुठल्या इंजेक्शनच्या औषधांनी मरतात, अन् असल्या औषधानं मरतात. एकदा मेले की पुन्हा उगवत न्हाईत. "या उजव्या कानात थेंबाशिवाय पाणीसुद्धा जाऊ देऊ नको. हा गेला तर पोरीला जन्मात काही ऐकू यायचं नाही."

धुळाजीला स्वतःची अशी किळस आली की बाहेर येऊन तो थुंकला. घरी येऊन बायकोला बजावलं, "कानाला हात लावू नको. मी बाटली घेऊन येतो."

तर मोटार आली उशिरा. बाटली घेतली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, अन् गडी पायी निघाला. पंचमीची कोर मावळतीला टेकली व्हती. मागं गावात देवीपुढं संबळ वाजून राह्यलं व्हतं. त्याच्या तालावर पाय उचलत तो झपाझप निघाला. हातात बॅटरी. भीतीबिती काही नव्हती, रोजची वाट.

विहिरीजवळ आला अन् वास आला.

आधी वाटलं, कुत्रं मेलं असंल. पण न्हाई. त्यात वाटलेला पाला व्हता. सीताफळाचा. अन् त्याखाली पू. गोडसर, नासका. हा वास धुळाजी झोपेतबी वळखला असता. त्यानं नाकाला उपरणं लावलं.

अन् तवा ध्यानात आलं… संबळ थांबलं.

बरं, थांबलं असंल. दोन पावलं टाकली. पायाखाली खडी. खडी वाजली न्हाई. जोरात पाय आपटला. न्हाई. टाळी वाजवली. हाताला चुणचुणलं, पण आवाज न्हाई. रातकिडे न्हाईत. वारा न्हाई. कानात नुसती बारीक शिट्टी. एकसुरी. अन् जमीन डावीकडं कलली. गडी मटकन खाली बसला.

समोर कोणीतरी बसलं व्हतं.

विहिरीच्या खडीवर. घोंगडी डोक्यावरून. पाठमोरं.

त्या मुक्या वाटंवर एकच आवाज आला. जवळून. लई जवळून.

"धुळ्या… माह्या कानात पाह्य रे."

धुळाजीनं उपरणं नाकावर आणखी दाबलं.

"काहीतरी वळवळून राह्यलं. बॅटरी मार. पाह्य."

पोरांनो, पळून जावं ना? पण ल्हानपणापासून तात्यानं हाक मारली की ओ द्यायची सवय. गडी उठला, पाय आपोआप पुढं गेले. घोंगडी बाजूला झाली. तोंड दिसलं न्हाई… व्हतं का न्हाई, देव जाणे. कान तेवढा दिसला. वल्ला. सुजलेला. त्यातून हिरवा बोळा लोंबत व्हता.

"काढ त्यो."

त्यानं काढला. हातानं. निघता निघेना. वल्ली लांबलचक दोरी ओढावी तसा येत राह्यला. पाला, पू, लोकरीचे पुंजके… अन् अळ्या. पांढऱ्या. त्याच्या मनगटावर पडल्या, बाहीत शिरल्या. जित्या अळ्या, त्या पाल्यातच पोसलेल्या. शी! धुळाजी हे सांगताना हात धोतराला पुसायचा, इतक्या वर्षांनीबी.

मंग बॅटरी आत मारली.

पडदा नव्हता. भोक. भोकाच्या आत वेटोळं. त्याच्या आत वेटोळं. खाली खाली जाणारं, विहिरीच्या पायऱ्यांसारखं. अन् पार तळातून एक आवाज वर येऊन राह्यला व्हता. दुरून. हळूहळू.

"बार हाय… पळा… बार हाय…"

मुकादमाचा. सहा महिन्यांमागचा. अजून वाटंतच व्हता. तात्यापर्यंत पोचलाच नव्हता.

धुळाजी तिथंच ओकला. अंगावर, खडीवर.

"काय हाय रे आत?"

"…काही न्हाई, तात्या."

"खोटं बोलू नको. थेंब घाल."

"कशाचे?"

"खिशात हाय ना बाटली."

धुळाजीचा हात खिशावर गेला. बाटली घट्ट धरली. रडायला आलं त्याला. सख्खा चुलता. मेल्यावरबी त्याचा कान दुखून राह्यला व्हता. एक थेंब मागत व्हता. पण एका थेंबानं भागणारं ते भोक न्हाईच, हे त्यानं डोळ्यानं पाहिल्तं.

"न्हाई, तात्या. ही इंद्रीची हाय."

वास आणखी दाटला.

"तिला कशाला बाटली?" तात्या म्हणला, अगदी मायेनं. "तिचा पाला वाटून झाला."

…

धुळाजी पळाला. पळाला म्हणजे काय, पाच पावलं सरळ अन् मंग बांधावर. उठायचं, पुन्हा पडायचं. जमीन फिरत व्हती, झाडं फिरत व्हती. दारू प्यालेला माणूस बरा. बाटली छातीशी धरलेली. गुडघे फुटले, दगडावर हनुवटी आपटली. आपण रडतो का वरडतो, ते त्याचं त्याला कळत नव्हतं. कानात तीच शिट्टी. अन् पाठीमागं तो वास, तसूभर कमी न्हाई.

वस्तीवर दिवा दिसला. कुत्रं अंगावर आलं. तोंड उघडत व्हतं, मिटत व्हतं. आवाज न्हाई.

दार सताड उघडं.

आत जयवंताबाई. पोरीचं डोकं मांडीवर. डावा कान खाली. उजवा वर. हातात पितळी वाटी… हिरवा रस.

"टाकू नको!"

तिनं मान वर केली न्हाई. धुळाजीला कळंना, आवाज निघाला का न्हाई निघाला.

"टाकू नको गं! जयवंता!"

वाटी कलली.

त्यानं उंबऱ्यातून उडी मारली अन् लाथ घातली. वाटी उडाली, जात्याच्या दगडावर पडली. ठण्ण… गरागरा फिरत राह्यली. ते त्याला ऐकू आलं. शिट्टी बंद. एकदम कुत्रं भुंकलं, पोर रडली, बायको वरडली, सगळं एकदमच कानात शिरलं.

"अवं, याड लागलं का तुम्हाला?"

"तुला सांगितल्तं ना, कानाला हात लावू नको म्हणून!"

"तुम्हीच तर सांगितलं!" जयवंताबाईनं दाराकडं बोट केलं. "मगाशी दारातून हाक मारली. बाटली भेटली न्हाई, पाला वाट म्हणले. म्या म्हणलं आत या. तुम्ही म्हणले, बैलाला पाणी दाखवून येतो, तू रस घाल जल्दी."

"माहाच आवाज व्हता?"

"बराबर तुमचाच. बिलकुल तुमचाच."

धुळाजीनं आधी हात धुतले. राखेनं, मंग साबणानं, मंग पुन्हा राखेनं. सगळा रस मातीसकट खरवडून बाहेर टाकला. उजव्या कानावर, गालावर, केसांवर एक ठिपका तरी पडला का, दिवा जवळ धरून पाहिलं. कुठं न्हाई. मंग डाक्टरनं सांगितलं तसा कापसानं पू टिपला अन् थेंब सोडले. पोर निजली. हे दोघं तिच्या दोन्ही बाजूंनी बसून राह्यले. रात्रभर कोणी पापणीला पापणी लावली न्हाई, अन् दार कोणी उघडलं न्हाई.

उजाडलं. इंद्रायणी चुलीपुढं बसली व्हती, दाराकडं पाठ. धुळाजी दारातून अगदी हळू म्हणला, "इंद्रे…"

पोर वळली. "काय, बा?"

त्या बाबाच्या डोळ्यातून धारा लागल्या. कान वाचला व्हता.

जयवंताबाईनं पोरीला जवळ ओढलं, मुके घेतले, तोंड पुसलं. अन् सहज म्हणून डाव्या कानातबी कापूस फिरवला. मेलेल्या कानात. वर्ष झालं, तो कान कोरडा ठाक व्हता. रात्री त्याला कोणी हात लावला नव्हता. तो तर मांडीशी, खालच्या बाजूला व्हता.

कापूस काळा निघाला.

तिनं दुसरा बोळा घेतला. तोबी काळा. पू न्हाई, रगत न्हाई. बारीक, खरखरीत… खडकाचा चुरा. चिमूटभर निघाला.

धुळाजीनं बोळा नाकाशी नेला.

बारूद.