कुराबिन हजर, अजून पाऊस नाही

भुतांना अंधार लागतो, असा एक समज आहे. ही गोष्ट दुपारची आहे.

आणि खरी आहे.

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. जिच्याबाबतीत हे घडलं ती ग्लेनिस ट्रेलोर आमच्या कुंपणापलीकडे राहते. ती खोटं बोलत नाही. खोटं बोललं की लक्षात ठेवावं लागतं, आणि त्याचा तिला कंटाळा आहे.

गेल्या जूनमधला मंगळवार. कडाक्याची थंडी. गाव कुराबिन. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, कोरड्या भागातलं आमचं खाणीचं गाव.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. सरकारी आहे, मोठं आहे आणि एका जागी नाही. मुख्य कॅम्पस समुद्रकिनारी. काचेच्या इमारती, हिरवळ, कॉफीला रांग. एक पोर्ट हॅरनला, तिथे जहाजांचं शिकवतात. एक विलो रीचला, नदीकाठच्या द्राक्षमळ्यांत. एक टेलिगाला, मेंढ्यांच्या मुलखात. आणि शेपटाला आमचा कुराबिन. खाणीची जुनी कॅन्टीन, तिच्यात एक वर्ग, एक हीटर आणि सगळं सांभाळणारी ग्लेनिस.

शिकवणारे किनाऱ्यावर. बाकीच्या ठिकाणी ते पडद्यावर दिसायचे. तास सुरू झाला की आधी कॅम्पसची हजेरी.

"पोर्ट हॅरन?" "हजर." "टेलिगा?" "हजर."

ज्याचं उत्तर आलं नाही, त्याची लिंक बंद. रिकाम्या खोलीला कोण शिकवणार?

कुराबिनतर्फे उत्तर द्यायची नोला पेंगेली. नातवंडं झाल्यावर तिनं नर्सिंगला नाव घातलं होतं. फार्मवरून पिकअप घेऊन धुरळा उडवत यायची, हिरवा स्कार्फ सोडायची, पहिल्या रांगेत बसायची. समोरच्या माइकवर पेनानं दोनदा टकटक करायची आणि म्हणायची,

"कुराबिन हजर. अजून पाऊस नाही."

पाचही कॅम्पस हसायचे. आमच्याकडे हे वाक्य जवळजवळ वर्षभर खरं असतं.

शेजारची खुर्ची ती कुणाला बसू द्यायची नाही. "ही ग्लेनची," म्हणायची. "आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खुर्च्या मांडतेय. कधीतरी बस की, बये."

"पाऊस पडेल त्या दिवशी बसेन," ग्लेनिस म्हणायची.

"शब्द दिलास हं."

"दिला."

शेवटच्या वर्षाला, एका संध्याकाळी घरी जाताना नोलाच्या पिकअपला कांगारू आडवा आला.

नोला गेली. त्यानंतर हजेरीचं उत्तर ग्लेनिस देऊ लागली. नुसतं "हजर". पुढचं वाक्य तिच्या तोंडून निघायचं नाही.

गेल्या वर्षी किनाऱ्यावर ठरू लागलं की कुराबिन बंद करावा. का, तर गावालाच त्याचं काही पडलेलं नाही. हे म्हणणं मार्कस ओल्डफील्ड नावाच्या उपकुलगुरूंचं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. हा समजूतदार चेहरा करून सगळं ऐकायचा, आणि ऐकलेलं तिथंच टेबलावर ठेवून उठायचा. त्यानं जाहीर केलं, मंगळवारी चार वाजता लिंकवरून गावाचं ऐकतो, मग निर्णय सांगतो.

चार वाजता.

आता आमची एक गंमत आहे. नकाशात कुराबिन एका राज्यात, पण घड्याळ लावतं शेजारच्या राज्याचं. पहिली रेल्वे तिकडून आली, वेळही तिच्याबरोबर आली, ती राहिली. किनाऱ्यापेक्षा आम्ही अर्धा तास मागे. आमच्या पोरांना हे पाळण्यात कळतं. किनाऱ्यावरच्यांना दर वेळी नव्यानं कळतं.

सूचनेत नुसतं 'चार वाजता' असं होतं. कुणाचे चार, ते ओल्डफील्डनं लिहिलं नाही. गावानं विचारलं नाही.

त्या दुपारी ग्लेनिस खुर्च्या मांडत होती. इमारतीची देखभाल करणारा लेस हॅगार्टी हीटरला लाथा घालत होता.

"एवढ्या खुर्च्या, बॉस? लग्न आहे का कुणाचं?"

"तुझं. बायको मिळायचीय फक्त."

"ती मिळेपर्यंत कॅम्पस राहील का?"

"राहील," ग्लेनिस म्हणाली. तिनं अंगातला निळा स्वेटर काढून दारामागच्या खुंटीला अडकवला. "माझ्या जिवात जीव असेपर्यंत तरी राहील."

तेवढ्यात... पडदा आपोआप उजळला.

किनाऱ्यावरची बैठकीची खोली. मधोमध ओल्डफील्ड, समोरच्या कागदांत डोकं घालून बसलेला.

"कुराबिन?"

ग्लेनिसनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. म्हणजे किनाऱ्यावर चार.

"लेस, पळ. हॉस्पिटल, फुटबॉलचं मैदान, पब. दिसेल त्याला गाडीत कोंब."

लेस पळाला. ग्लेनिस भिंतीजवळच्या माइकपाशी गेली.

"मार्कस, आमचं घड्याळ अर्धा तास मागे असतं. लोक चारला येणारेत. आमच्या चारला."

"वेळ जाहीर केली होती, ग्लेनिस." त्यानं मान वर केली नाही. "मला पुढे दुसरी बैठक आहे."

"अर्धा तास थांबा."

"हे बघा, रिकामी खोली हेसुद्धा एक उत्तरच असतं."

ती बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात...

दाराबाहेर कुणीतरी पायपुसण्यावर बूट घासले.

खर्र. खर्र.

लेस परत आला असेल, असं तिला वाटलं. दार उघडलं नाही.

मग मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. खोल, कोरडा खोकला. खाणीत फुप्फुसं घालवलेल्या माणसाचा. रेग डनस्टन असा खोकायचा. खाण सुटल्यावर तो इथे हिशेबनीस व्हायला शिकला होता, आणि शिकून झाल्यावर चार हिवाळे काढून गेला होता.

ग्लेनिस वळली.

कुणी नव्हतं.

खुर्च्या मात्र करकरत होत्या. एक... मग दुसरी... मग ओळीनं. जड माणसं टेकावीत तशा. आणि खोलीला ऊब आली. हीटरची नव्हे, तो अजून थंडच होता. माणसं दाटीवाटीनं बसली की येते ती. लोकर, धूळ, इंजिन ऑइल यांचा वास.

किनाऱ्यावर ओल्डफील्डनं अखेर मान वर केली.

"अरे. आलेत की सगळे."

ग्लेनिसची कानशिलं तापली. "टोमणे नकोत, मार्कस. लोक येतायत."

"अजून? बसवणार कुठे त्यांना?"

तो हसत नव्हता. त्याच्या शेजारची बाई पडद्याकडे वाकून बघत होती, आणि तिचे ओठ मोजल्यासारखे हलत होते.

पडद्याच्या कोपऱ्यात इथली खोली लहान चौकटीत दिसायची. ग्लेनिसनं तिकडे पाहिलं. रिकाम्या खुर्च्या. भिंतीशी उभी एकटी ती.

मग पहिल्या रांगेतल्या एका माइकचा लाल दिवा लागला.

टक. टक.

तो आवाज तिनं ऐकला. अजूनही शपथेवर सांगते, तो ऐकला. पुढचं मात्र काहीच नाही. नुसती शांतता, आणि पडद्यावर ओल्डफील्ड मान डोलावत ऐकतोय.

"हो... ते मान्य आहे... नाही बाई, असं मी म्हटलं नव्हतं."

शांतता.

"बरं, म्हटलं होतं. पण त्याचा अर्थ..."

शांतता. कुणीतरी त्याला वाक्य पुरं करू देत नव्हतं. समजूतदार चेहरा हळूहळू उतरत चालला होता.

"काय म्हणालात? माफ करा, नीट ऐकू आलं नाही." त्यानं कानाला हात लावला. "पाऊस? अजून पाऊस नाही?"

ग्लेनिसनं भिंत धरली.

दार चार पावलांवर होतं. ती मला म्हणाली, "पळाले असते ग. पण वाटलं, ही एवढी माणसं कुठून कुठून आलीत, आणि मी गावातली असून पळू?"

"ग्लेनिस," ओल्डफील्ड घाम पुसत म्हणाला, "हे सगळे कुराबिनचेच विद्यार्थी ना?"

तिनं माइकचं बटण दाबलं.

"एकूण एक. याच खोलीत शिकलेत."

"आणि यांचं सगळ्यांचं म्हणणं..."

"यातलं कुणीही इथून जाणार नाही. तुम्ही कॅम्पस बंद करा, कुलूप लावा, हे येत राहतील. हजेरी कोण घेणार, तेवढं तुम्ही ठरवा."

खोलीभर माइकचे लाल दिवे लागले. एकामागून एक. पार शेवटच्या रांगेपर्यंत.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. लेस. त्याच्यामागे हॉस्पिटलच्या नर्सेस, अर्ध्या चड्ड्यांतले फुटबॉलवाले, पबची स्वयंपाकीण ॲप्रनसकट.

सगळे दिवे एकदम विझले. ऊबही गेली.

"बाप रे, काय गारठा आहे इथं," लेस म्हणाला. "हीटरनं मान टाकली वाटतं."

"चित्र जरा हललं आमच्याकडे," पडद्यावरून ओल्डफील्ड म्हणाला. "ही... ही आणखी माणसं का?"

"ही आणखी," ग्लेनिस म्हणाली.

त्यानंतर गावानं त्याला सोडला नाही. वॉर्डची मुख्य नर्स थेट विचारती झाली, "माझ्या वॉर्डातली प्रत्येक पोरगी या खोलीतून आलीय. उद्या तुम्ही इथे छातीत कळ येऊन पडलात, तर उशाशी कोण बसेल? पडदा?" स्वयंपाकीण म्हणाली, "आणि पडलात तर आमच्या घड्याळानं पडा. तुमच्या घड्याळानं पडाल तर अर्धा तास कुणी येणार नाही." किनाऱ्यावरची बाईसुद्धा हसली.

कॅम्पस राहिला. ओल्डफील्डनं त्याच बैठकीत सांगितलं. पुढच्या बैठकीचं नावही काढलं नाही.

गोष्ट इथं संपली असती, तर मी सांगितली नसती.

संध्याकाळी ग्लेनिस चहा ठेवत होती. फोन वाजला. ओल्डफील्ड.

"एक विचारायचं होतं. पहिल्या रांगेतल्या बाई. हिरवा स्कार्फ. त्यांचं नाव काय?"

"का?"

"त्या आणि त्यांच्याबरोबरचे नंतर दिसले नाहीत, म्हणून." मग म्हणाला, "आणि एक खुर्ची रिकामी होती, त्यांच्या शेजारची. तिच्यावर निळा स्वेटर होता. इतके लोक उभे होते, म्हणून मी म्हटलं, तिथं कुणाला तरी बसवा. त्या म्हणाल्या, ही धरून ठेवलीय."

ग्लेनिसनं फोन ठेवला.

स्वेटर तिनं दारामागच्या खुंटीला अडकवला होता. हे तिला पक्कं आठवत होतं. निघताना मात्र तो पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून उचलला होता. घाईत होती. लक्षात आलं नव्हतं.

एक मात्र लक्षात होतं. स्वेटर ऊबदार होता.

दुसरी कुणी असती तर राजीनामा दिला असता. ग्लेनिसनं दुसऱ्या दिवशी जाऊन ती खुर्ची उचलली आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवली.

गुरुवारी वर्ग उघडला, तर खुर्ची पहिल्या रांगेत.

तिनं परत मागे नेली. पुढच्या गुरुवारी परत पुढे. तेव्हापासून हे असंच चाललंय. लेसला वाटतं बॉस थट्टा करते. बॉस त्याला तसंच वाटू देते.

मी एकदा विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण त्यांनी कॅम्पस वाचवला म्हणून माझ्यावर हुकूम चालवायचा का? येईन तेव्हा माझ्या पायानं येईन."

गेल्या गुरुवारी मी तिच्याबरोबर गेले होते. खुर्ची पुढे होती. प्लॅस्टिकची, हलकी, लहान पोर एका हातानं उचलेल अशी. ग्लेनिसनं ती दोन्ही हातांनी ओढली. पाय फरशीवर घासत होते. तिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या... जणू पलीकडून कुणी धरून ठेवली होती.

भिंतीशी नेऊन तिनं कंबरेवर हात ठेवले आणि त्या रिकाम्या खुर्चीला बजावलं,

"नंतर, नोला. अजून पाऊस नाही."

वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

आज सकाळपासून पश्चिमेला ढग आलेत. काळे, खाली उतरलेले. असे मी इथं कित्येक वर्षांत पाहिले नाहीत.

ग्लेनिस मागच्या अंगणात कपडे वाळत घालतेय. तिची पश्चिमेकडे पाठ आहे.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.