कुंकू लागलेली सीडी

दारात उभ्या असलेल्या मुलीच्या मागे आमोद वाकून वाकून बघत होता.

"कोणाला शोधताय?"

"कोथरूडहून मेकॅनिक येणार होते..."

"आलेत की!" दीपमालानं खांद्यावरची अवजारांची पिशवी टेबलावर ठेवली. "मागून कुणी येत नाही. बघून झालं असेल तर कॉम्प्युटर दाखवा."

आमोदचे कान लालबुंद झाले. बाप्पा, लाजतो की हा! तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. निघताना तिचे मालक उत्तरेश्वरसर म्हणाले होते, "पहिल्यांदाच एकटी पाठवतोय. जमलं नाही, तर उद्यापासून काउंटरवर बसायचं." विदर्भातल्या आर्वीहून पुण्याला ती काय काउंटरवर बसायला आली होती? छे!

नारायण पेठेतलं हे डीटीपीचं दुकान आमोदच्या वडिलांचं, श्यामसुंदररावांचं. एका दिवाळी अंकाची दीडशे पानं आज संध्याकाळी छापखान्यात पोचायची होती. आमोदनं हट्टानं नवा कॉम्प्युटर घेतला, त्यात नवी विंडोज व्हिस्टा. दुकानातलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मात्र जुनं, ते तिथं उघडेचना. आणि जुना कॉम्प्युटर तर बदल्यात देऊन टाकलेला!

"चिरंजीव पुढे गेले," वर्तमानपत्राआडून श्यामसुंदरराव म्हणाले, "अंक मागे राहिला."

"व्हिस्टा काढून जुनी एक्सपी टाकावी लागेल," दीपमाला म्हणाली.

"टाका ना, लगेच!"

"लगेच? अहो, सगळं पुसलं जाईल. पानं दुसरीकडे उतरवून ठेवलीत?"

आमोदनं जीभ चावली.

"काय करून राहिले तुम्ही!" घाईत तिच्या तोंडून आर्वीची बोली बाहेर पडली.

"पुन्हा म्हणा ना..." तो हसला.

"काम करू द्या."

तिनं सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या, दोनदा मोजल्या आणि मगच एक्सपीची सीडी मागितली. आमोदनं ड्रॉवरमधून काढली... आणि दीपमाला बघतच राहिली. चकचकीत बाजूवर हळद, कुंकू आणि वर चिकटलेल्या चार अक्षता!

"दसऱ्याला हत्यारं पुजतो आम्ही," श्यामसुंदरराव म्हणाले.

"पण काका, ही वाचायची बाजू आहे!"

वर्तमानपत्र पहिल्यांदाच खाली आलं.

सीडी ड्राइव्हमध्ये घरघरली आणि तशीच बाहेर आली. दुसरी सीडी कोथरूडहून आणायची म्हणजे संध्याकाळ गेलीच. दीपमालाच्या डोळ्यांसमोर ते काउंटर आलं.

"मऊ सुती कापड आणा. आणि थोडं पाणी."

आमोद धावत गेला, धुतलेला पंचा घेऊन आला आणि स्वतःच पुसायला लागला — गोल गोल. तिनं पटकन त्याचं मनगट धरलं.

"गोल नाही! ओरखडे पडतील. मधून बाहेर, सरळ..."

"असं?"

"असं."

कुंकू निघालं, हळदही निघाली. मनगट सोडायचं मात्र राहून गेलं. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

सीडी पुन्हा आत गेली. घरघर... आणि पडदा निळा झाला, एक्सपी चढायला लागली! तासाभरानं जुनं सॉफ्टवेअरही उघडलं आणि दिवाळी अंकाचं पहिलं पान काना-मात्रेसकट समोर उभं राहिलं. दीपमालाची मान आपोआप ताठ झाली. जमलं होतं, तिचं तिनं केलं होतं!

"आमोद, चहा टाक," श्यामसुंदरराव म्हणाले. "मेकॅनिकबाईंना आधी."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमोद कोथरूडच्या दुकानात आला. हातात कोरा करकरीत अंक. आतलं नामावलीचं पान त्यानं तिच्यापुढे धरलं. संपादक, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी... आणि खाली, त्याच जुन्या अक्षरात : 'संगणक — दीपमाला वानखडे'.

उत्तरेश्वरसरांनी ते नाव मोठ्यानं वाचलं. मग समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "ही आमची मुलगी."

दीपमालाला डोळे पुसायचे होते, पण लोकांसमोर कशी पुसणार?

"कॉम्प्युटर पुन्हा बिघडला का?" तिनं आमोदला विचारलं.

"नाही, छान चालतोय. म्हणूनच आलो." त्यानं अंक तिच्या हातात दिला. "काही बिघडलेलं नसतानाही तुम्ही यावं... असं वाटतं. मला आवडता तुम्ही. बाबांनाही सांगून आलोय."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, कधी नव्हे ते डोकं चालवलंस."

दीपमाला खळखळून हसली. अंक तिनं छातीशी धरला.

"येईन," ती म्हणाली. "या वेळी पिशवी न घेता."