डावं मडगार्ड

सकाळी साडेदहाला सर्वेअर डॉक्टरीणबाईंच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या मनात काही पाप नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण यापुढे त्याच्याबद्दल चांगलं असं फारसं काही सांगता येणार नाही.

एकतीस वर्षं त्याने विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या होत्या. पत्र्याची घडी बघून तो सांगायचा, गाडी खांबाला धडकलीय, की दुसऱ्या गाडीला, की मालकानेच हातोडा चालवलाय. गॅरेजवाले त्याला पाठीमागे 'काटा' म्हणायचे, तराजूचा काटा. चहा पाजा, पाकीट सरकवा, हा आपला जागचा हलायचा नाही. हे नाव त्याला ठाऊक होतं आणि मनातल्या मनात आवडायचंही. आता निवृत्त होऊन सहा महिने झाले होते आणि घरात बसून बसून तो बायकोच्या डोक्याला ताप झाला होता.

बाईंचे यजमान डोळ्यांचे डॉक्टर होते; ते जाऊन वर्ष होत आलं होतं. सर्वेअरच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनीच केलेलं, आणि म्हातारीला हात धरून पायऱ्याही त्यांनीच उतरवून दिल्या होत्या. त्या ओळखीवर डॉक्टरीणबाईंनी फोन केला होता.

"भाऊ, ह्यांची गाडी काढायचीय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही बघा आणि खरं काय ते सांगा. तुमच्या शब्दावर मी डोळे मिटून व्यवहार करीन."

शटर वर गेलं. आतून कोंडलेल्या हवेचा, जुन्या रबराचा आणि कातड्याचा वास आला. बाईंनी एका बाजूने आणि त्याने दुसऱ्या बाजूने धरून कव्हर ओढलं. खाली गडद निळी, दोन दारांची जर्मन कूपे होती. लांब बॉनेट, बसकं छत, सहा सिलिंडरचं इंजिन, वय पंचेचाळीस. सर्वेअरने आयुष्यात हजारो गाड्या पाहिल्या होत्या, पण त्या सगळ्या मोडलेल्या. इतकी धड गाडी समोर उभी राहिल्यावर काय करायचं, हे त्याला क्षणभर सुचेना.

त्याचा भाचा जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. 'मामा, या गाड्या आता सोन्याला मागे टाकतायत,' तो नेहमी सांगे. 'फक्त रंग कारखान्यातलाच हवा, आणि कागदांची फाइल पहिल्या दिवसापासून हवी. मग घेऊन नुसती झाकून ठेवायची.' फाइल पुढच्या खणात होती. प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक टायर, सगळं डॉक्टरांच्या बारीक अक्षरात. शेवटची नोंद बारा वर्षांपूर्वीची होती: 'आज पुन्हा दिव्यांभोवती वलयं दिसली. लोकांचे डोळे तपासणाऱ्याने स्वतःचे लपवू नयेत. आजपासून गाडी चालवणं बंद.' सर्वेअरने ते वाचलं आणि फाइल मिटली.

मग त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. काड्यापेटीएवढं असतं ते. पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवतं. शंभर-सव्वाशे मायक्रॉन म्हणजे कारखान्याचा रंग, आणि पाचशेच्या पुढे गेला की समजायचं, खाली पुट्टी भरलीय, गाडी ठोकलेली आहे. छतावर एकशे पाच आलं, दारावर एकशे बारा. डाव्या पुढच्या मडगार्डवर त्याने यंत्र टेकवलं. एकशे दहा.

"किती दाखवतंय, भाऊ?" बाई मागून म्हणाल्या.

त्याने यंत्र तळहातात उलटं केलं.

"आठशे चाळीस," तो म्हणाला.

आपल्याच तोंडून निघालेला आकडा त्याने ऐकला. एकतीस वर्षांत जे कुणाला जमलं नव्हतं, ते एका निळ्या गाडीने पाच मिनिटांत केलं होतं. तिथेच थांबला असता तरी चाललं असतं. पण ज्याने जन्मभर अपघातांचे अहवाल लिहिले, त्याला अपघात अर्धवट सोडवत नाही. बाईंनी विचारलं, "म्हणजे... भिंतीला वगैरे लागली होती?" आणि सर्वेअर, सवयीने, अगदी ऑफिसात बोलावं तसं बोलून गेला.

"भिंतीची खूण वेगळी असते. ही मऊ आहे. डावीकडून आला असणार. पाऊस असणार. वेग चाळीसच्या आत."

"आला असणार?" बाई म्हणाल्या. "कोण?"

सर्वेअर गप्प बसला. तोंडातून शब्द न काढता माणूस किती खोटं बोलू शकतो, ते त्याला त्या दिवशी कळलं.

बाई बराच वेळ मडगार्डकडे बघत राहिल्या. मग पदराने त्यांनी त्यावरची धूळ पुसली आणि हात मागे घेतला. "तरीच," त्या म्हणाल्या. "तरीच एकाएकी चालवणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, कंटाळा आला. मला म्हणाले, कंटाळा आला."

फाइल सर्वेअरच्या हातात होती. शेवटचं पान उघडून दाखवायला दोन सेकंद लागले असते. त्याऐवजी तो म्हणाला, की अशी गाडी बाहेर कुणी घेणार नाही, पण डॉक्टरांचे उपकार आहेत, तेव्हा मीच घेतो. बाईंनी त्याचे आभार मानले. पायऱ्यांपर्यंत सोडायला आल्या.

गाडी घरी आली आणि पोर्चमध्ये कव्हराखाली उभी राहिली. बायकोने एकदाच विचारलं, "एवढ्या स्वस्तात कशी दिली हो त्यांनी?" तो म्हणाला, "माझ्यावर विश्वास आहे त्यांचा." हे म्हणताना त्याने पेपर वर धरला होता, कारण तोंड दाखवायची लाज वाटली.

चौथ्या दिवशी त्याला आवाज ऐकू आला. गाडी लांबून येऊन थांबली की बॉनेटखाली तापलेलं लोखंड निवताना टिक् टिक् करतं, तो आवाज. ही गाडी टो करून आणलेली, तिच्यात बॅटरीसुद्धा नव्हती. त्याने कव्हराखाली हात घालून बॉनेटला लावला. कोमट होतं. ऊन लागत असेल, असं त्याने ठरवलं, आणि मग पोर्चला ऊन कुठून येतं ते बघायचं टाळलं. तेव्हापासून दिवसातून केव्हाही जावं, गाडी नुकतीच कुठूनतरी येऊन थांबलेली असायची. कव्हराखालून ओल्या लोकरीचा वास येऊ लागला. बाहेर तीन महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात भाचा गाडी बघायला येणार होता. त्याआधी सर्वेअरने पुन्हा एकदा यंत्र काढलं. छत एकशे पाच. दार एकशे बारा. डावं मडगार्ड... आठशे चाळीस.

त्याने सेल बदलले. आठशे चाळीस. शेजारच्या गॅरेजातून दुसरं यंत्र मागून आणलं. आठशे चाळीस. शेवटी त्याने ओळखीच्या पेंटरला बोलावलं, निम्मं आयुष्य ठोकलेल्या गाड्यांत घालवलेला माणूस. पेंटरने बोटांच्या पेरांनी मडगार्डवर टकटक केलं आणि मान हलवली.

"पुट्टी आहे साहेब. जुनी आहे. तुमच्या नजरेतून कशी सुटली?"

"खरवड," सर्वेअर म्हणाला.

पेंटर खरवडू लागला. निळा रंग गेला, करडी पुट्टी पोपडे होऊन फरशीवर पडू लागली. अर्ध्या तासाने पत्रा उघडा पडला. पेंटर उकिडवा बसला होता, तो मागे सरकून खालीच टेकला. पत्र्यात एक उथळ, गोलसर खड्डा होता, आणि त्याच्या वर, बॉनेटला लागून, पाच बारीक पोचे. बोटांनी धरायला जावं, तितक्या अंतरावर.

"भिंतीची खूण वेगळी असते, साहेब," पेंटर हळूच म्हणाला. "ही मऊ आहे..."

त्याने मजुरी घेतली नाही. हत्यारं पिशवीत टाकली आणि मागे न बघता गेला.

सर्वेअरला भीती वाटली, हे खरं. पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. त्याला तो पदराने धूळ पुसणारा हात दिसत होता. अजून वेळ गेलेली नाही, असं तो स्वतःला सांगत राहिला. बाईंपुढे जाऊन सगळं ओकून टाकायचं, गाडी परत करायची, पायावर डोकं ठेवायचं. डॉक्टरांचं नाव तेवढं धुऊन निघालं पाहिजे. त्याने फाइल काखेत मारली आणि दुपारीच निघाला.

डॉक्टरीणबाईंच्या हॉलमध्ये भिंतीवर एक फिकट चौकोन होता. तिथे डॉक्टरांचा फोटो असायचा. सर्वेअरने तिकडे बघितलं आणि तो बसायचंही विसरला.

"बाई, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "अपघात झालाच नव्हता. आकडा एकशे दहा होता. गाडी स्वस्तात मिळावी म्हणून मी... डॉक्टरांची नजर अधू झाली होती, म्हणून त्यांनी चालवणं सोडलं. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मी ते तुमच्यापासून लपवलं. मला जोड्याने मारा."

बाईंनी त्याच्याकडे मायेने बघितलं. ती माया त्याला जोड्यापेक्षा जास्त लागली.

"मला बरं वाटावं म्हणून म्हणताय, भाऊ. पण आता गरज नाही. ती येते ना माझ्याकडे."

"कोण?"

"त्या माणसाची बायको. तुम्ही गाडी नेलीत, त्याच्या दुसऱ्या दिवशी दार वाजलं. बिचारी बारा वर्षं शोधत होती. दर गुरुवारी येते, घटकाभर बसते. आम्ही दोघी रडतो."

सर्वेअरने फाइल उघडली आणि शेवटचं पान त्यांच्यापुढे धरलं. "हे वाचा. त्यांचंच अक्षर आहे."

बाईंनी चष्मा लावला आणि हळूहळू वाचलं, "डावीकडून आला. पाऊस होता. वेग चाळीसच्या आत."

अक्षर डॉक्टरांचंच होतं. शाई जुनी, तपकिरी पडलेली. बाईंनी पान छातीशी धरलं. "बघा," त्या म्हणाल्या, "लिहून तरी ठेवलं होतं त्यांनी. तुमच्यामुळे कळलं, भाऊ. एवढे सगळे होते, खरं सांगणारे तुम्ही एकटेच निघालात."

तो दाराकडे वळला. दारापर्यंत आल्यावर बाई म्हणाल्या, "ती आत्ताच तुमच्याकडे गेलीय. मीच पत्ता दिला. तिचं एवढंसं काम आहे."

घरी पोचला तेव्हा पोर्चमधून टिक् टिक् ऐकू येत होतं. कव्हर ओढून खाली टाकलेलं होतं. हॉलमध्ये एक पन्नाशीची बाई सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसली होती. साधा, थकलेला चेहरा, चारचौघींत लक्षातही न येणारा. तिच्या पावलांशी फरशीवर पाणी साचलं होतं.

"तुम्हीच ना ते साहेब?" ती म्हणाली. "तुम्हीच आमच्या ह्यांना शोधलंत."

सर्वेअरने चपला न काढताच आत पाऊल टाकलं.

"मला सगळं आठवतं," ती म्हणाली. "पाऊस आठवतो. डावीकडून रस्ता ओलांडला, तेही आठवतं. फक्त त्यांचं नाव आठवत नाही, साहेब. तोंडही आठवत नाही. किती डोकं खाजवलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साहेबांना माहीत असेल. अहवाल तुमचा आहे ना. नाव तुम्हीच सांगा."

"बाई..." तो कसाबसा म्हणाला, "असा माणूस नव्हताच. मी लालचीने बोललो. तुमचं कुणी गेलेलं नाही."

तिला राग आला नाही.

"मलाही कधी कधी तसंच वाटतं," ती म्हणाली. "पण दोरीवर त्यांचे कपडे आहेत ना. बारा वर्षं झाली... वाळतच नाहीत."

ती त्याच्याकडे आशेने बघत राहिली. एखादं नाव, कुठलंही, सांगून टाकावं, असं त्याच्या ओठांवर आलं. आणि त्याच क्षणी त्याला कळलं, की तो जे नाव घेईल त्या नावाचा माणूस जन्म घेऊन, लग्न करून, बारा वर्षांपूर्वी त्याच्या एका शब्दापायी मेलेला असेल. त्याने ओठ दाताखाली दाबले.

"घाई नाही," ती म्हणाली. "आम्ही बसतो."

आतून कपबशांचा आवाज आला. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोर्चकडे बघत असावी, कारण तिचा आवाज तिकडूनच आला, रोजच्यासारखा.

"अहो, गाडीपाशी डाव्या बाजूला उभे आहेत ते यांच्याबरोबरचेच ना? केव्हाचे पाठमोरे उभे आहेत, भिजलेत बिचारे. हाक मारा की, आत बोलवा."

सर्वेअर दारापर्यंत गेला. हाक मारायची तर काय म्हणून मारायची, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो उंबऱ्यातच उभा राहिला.