मागची डावी सीट

यातलं एक अक्षरही मी वाढवून सांगत नाही. पटलं तर घ्या.

अमावस्येची, मध्यरात्रीची गोष्ट नाही ही. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी, सेलूत, माझ्या गॅरेजमध्ये, भर दुपारी सुरू झाली.

मी सिद्धोधन. सोळा वर्षं झाली, गाड्यांचे शॉकअप, स्प्रिंग, बुश, हेच काम करतो.

त्या दिवशी चारठाण्याकडचे दिनकरराव आपली पांढरी गाडी घेऊन आले. मोठे शेतकरी. गाडी घेऊन सातच महिने झाले होते.

"सिद्धोधन, बघ रे हिला. लय आदळायलीय. मागून, डाव्या बाजूनं. दोन ठिकाणी दाखवली, कुणाला काय सापडंना."

मी गाडीभोवती फिरलो. मागच्या उजव्या चाकावर, मडगार्डच्या खाली, चार बोटं जागा होती.

डाव्या बाजूला… दोनच.

जणू तिकडं कुणी बसलं होतं.

गाडी रिकामी होती.

स्प्रिंग बसली असेल म्हणून दोन्हीकडची बदलली. शॉकअप नवे टाकले. बुश बदलले. टायर इकडचं तिकडं केलं. गाडी जॅकवरून खाली घेतली.

उजवीकडं चार बोटं. डावीकडं दोन.

शेवटी मागची सीटच खोलून बाहेर काढली. गाडी तरी झुकलेलीच. सीट उन्हात ठेवली होती. उचलायला गेलो, तर डाव्या बाजूला खळगा. फोम हातानं ओढून वर आणला…

हळूहळू तो परत खाली गेला.

"मागं कोण बसतं?" मी विचारलं.

"कुणीच न्हाई. दसऱ्याला आमची बायको राजेश्री बसली होती. उतरली अन् तासभर ओकली. तोंडातून फेस. तव्हापासून ती ह्या गाडीत पाय ठेवत न्हाई."

"त्याच्या आधी कुणी?"

"तू गाडी बघ." एवढंच बोलले अन् निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सीट बसवली अन् ट्रायलला एकटाच निघालो. देवगाव फाट्याकडं.

पहिला खड्डा. धाड!

अन् मागून… एक आवाज. ओकारी दाबताना माणूस करतो तसा.

आरशात पाहिलं. सीट रिकामी.

दुसरा खड्डा. परत तेच. घशातली तीच घरघर… ह्या वेळी माझ्या मानेजवळ.

फाट्याच्या अलीकडं एक मोठी बाभळ आहे. तिथं पोचलो अन् गाडी एकदम हलकी झाली. मागून वर उठली.

मी ब्रेक मारला. उतरून बघितलं.

दोन्हीकडं चार बोटं.

बाभळीखाली एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. ती गाडीकडं एकटक बघत होती. कडूबाई नाव तिचं, नंतर कळलं.

"परत आली का ही गाडी?" ती म्हणाली.

"मावशी, तुमी वळखता हिला?"

"वळखते की. श्रावणात हितंच थांबली होती. सरजाबाई होती आत. ह्या गाडीवाल्याच्याच रानात खुरपत होती, तिथं पान लागलं."

आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात.

"मग?"

"दवाखान्यात न्यायलाच निघाला होता तो. हितं आल्यावर बाईला उलटी आली. त्यानं दार उघडलं अन् खाली उतरवलं. तिचा नवरा सिताराम पाया पडायला लागला. तर म्हणला, हितं बसा, दुसरी गाडी धाडतो."

"धाडली?"

 म्हातारी शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"दीड घंटा बसली ती ह्या बाभळीला टेकून. मी पाणी पाजलं, गिळता येईना. शेवटपर्यंत रस्त्याकडं बघत होती, बाबा."

मी गाडीत येऊन बसलो. मागच्या दाराला हातसुद्धा लावला नव्हता.

तरी गाडी… डाव्या अंगाला खाली बसली.

संध्याकाळी दिनकररावांना सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत.

"नवी गाडी होती. सीटवर ओकली असती ना."

"दुसरी गाडी धाडतो म्हणला होतात तुमी."

"ध्यानात राहिलं न्हाई," ते म्हणाले. "राहू दे हितंच. मी गिऱ्हाईक आणतो."

बारा दिवस ती गाडी माझ्या दारात उभी होती. दुपारी जेवायला बसलो की काच बंद असलेल्या गाडीतून तो आवाज यायचा. मी घास टाकून उठायचो.

तेराव्या दिवशी गिऱ्हाईक आलं. पिंगळीचे मास्तर, नागेश. सोबत बायको, मनिषा. सातवा महिना चालू होता तिला.

"मेकॅनिकलाच विचारा," दिनकरराव म्हणाले.

"दादा, खरं सांगा," नागेश म्हणाले. "हिला दवाखान्यात न्यायला-आणायलाच गाडी घ्यायलोय. काही दोष हाय का?"

मला कुणी धमकी दिली नव्हती. कुणी काही देऊ केलं नव्हतं. मला फक्त ती गाडी माझ्या दारातून जायला हवी होती.

आदल्या दिवशीच मी डाव्या स्प्रिंगखाली रबराचा जाड गुटका ठोकला होता. उभी असताना गाडी सरळ दिसावी म्हणून.

"स्प्रिंग नवी, शॉकअप नवे," मी म्हणालो. "दोष न्हाई."

पुढं बसलं की बेल्ट पोटाला लागतो, म्हणून मनिषाताई मागं बसल्या. डाव्या बाजूनं आत शिरल्या अन् लगेच थोड्या पलीकडं सरकल्या.

एसटीत शेजारच्याला जागा द्यावी… तशा.

मी बघितलं. तोंड उघडलं नाही.

गाडी विकत नेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून नागेश मास्तरांचे फोन यायला लागले. सकाळी, दुपारी. एकदा सलग अकरा वेळा. मी एकही उचलला नाही.

पंधरा दिवसांनी फोन येणं अचानक बंद झालं.

त्याला आता वर्ष होत आलं. पिंगळी इथून फार लांब नाही. बाळ झालं का, एवढं विचारायला कितीदा नंबर काढला…

अजून लावलेला नाही.