सहावा फोटो

"ओ दादा, ह्या मार्कमेमोच्या दोन झेरॉक्स द्या. लवकर."

झेरॉक्सवाल्यानं मेमोवरचं नाव वाचलं, समोरच्या इमारतीकडं बघितलं, आणि मशीनच बंद केली.

"लाइट गेली का?"

"न्हाई. मी घालवली."

महामायाचं डोकं सणकलं. हदगावहून पहाटे निघून, नांदेडला एसटी बदलून ती लातूरला आलेली, पोटात नुसता एक चहा. आणि हा नाकावर शाईचा डाग घेऊन गालात हसून राहिला!

"समोर नर्सिंगला ॲडमिशन घ्यायलाव ना? ओरिजनल देऊ नका."

"तुम्ही कोण सांगणारे?"

"वीरेश. उदगीरचा. ह्याच कॉलेजात दोन वर्षं मोसंब्यांना इंजेक्शनं टोचली. हॉल तिकीट काही आलं न्हाई. नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेजच न्हाई. मग कुठली परीक्षा, अन् कुठलं रजिस्ट्रेशन?"

"मग दुसरीकडं जायचं की."

"काय घेऊन जाऊ? टीसी, मेमो, सगळं त्यांच्या कपाटात. मागितलं की म्हणतात, तिसरं वर्ष पूर्ण कर." तो अजून हसतच होता, पण तिचा मेमो त्यानं दोन्ही हातांनी धरला होता... काचेचा असल्यासारखा.

असली कॉलेजं म्हणजे खाली टायरचं दुकान, वर तीन खोल्या. बोर्डावर पांढऱ्या टोपीतली हसरी नर्स. ती बाई लातूरला कधी आलेलीसुद्धा नाही. खेड्यातल्या पोरांचे कागद कपाटात कोंडायचे आणि त्याला शिस्त म्हणायचं. चोर आहेत हे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

महामायानं स्वतःच्या मोबाइलवर कौन्सिलची यादी उघडली. दोनदा बघितली. नाव नव्हतं. आणखी दहा मिनिटांनी तिचेही कागद त्या कपाटात गेले असते.

तिनं मेमो परत घेतला, ओढणी कमरेला खोचली.

"जायलाव?" वीरेशचं हसू गेलं.

"हाव. बघून येते."

वर अकरा पोरी आपापल्या बापांसोबत बसल्या होत्या. सफारीतले संचालक म्हणाले, "मूळ कागदपत्रं इथं ठेवावी लागतील."

"हरवली तर, सर?"

"आमच्याकडं कागद हरवत नाही!"

"मग एखादी जुनी फाइल दाखवा ना. उदगीरचा वीरेश इथंच होता. आमच्या ओळखीतला आहे."

अकरा बाप बघत होते. संचालकांची छाती फुगली. त्यांनी शिपाई भामाबाईला हाक मारली. भामाबाईनं एका झटक्यात फाइल काढून टेबलावर ठेवली, जणू दोन वर्षं ती ह्याच हाकेची वाट बघत होती.

महामायानं ती उचलली. "छान ठेवली, सर. आता सांगा, ह्याची परीक्षा का झाली नाही? यादीत कॉलेजचं नाव कुठं आहे?"

अकरा बापांनी खिशातून मोबाइल काढले. संचालक ओरडत राहिले. ती जिना उतरलीसुद्धा. मागून अकरा पोरी, प्रत्येकीची फाइल छातीशी.

"हं. काढा झेरॉक्स," तिनं फाइल काउंटरवर टाकली.

वीरेशनं उघडली. टीसी. मेमो... स्वतःचं नाव. तो एकदम पाठ फिरवून मशीनशी खुडबुड करत बसला. बराच वेळ.

"ओ, नांदेडला यादीतलं कॉलेज आहे," ती हळू म्हणाली. "उद्या शेवटची तारीख. पहिल्यापासून शिकावं लागेल."

"मोसंब्या सोडून काहीबी टोचतो," तो डोळे पुसत वळला. मग फाइल चाळताना थबकला. "फोटो सहा होते. पाचच हायत."

"हाव."

"पडला का कुठं?"

"पडला नाही. मी घेतला." तिनं नजर काउंटरवर टेकवली. "तुम्ही ओळखीतले आहात म्हणाले ना मी वर... पुरावा नको का?"

"खोटं बोललाव की!"

"तेव्हा खोटं होतं—"

वीरेशनं हात पुढं केला. "मग तुमचाबी एक द्या. अन् एक सांगतो... पुन्हा दादा म्हणायचं न्हाई."

तिनं स्वतःच्या फाइलमधून एक फोटो काढला, त्याच्या तळहातावर ठेवला, आणि हात लगेच काही मागं घेतला नाही.

"नाक पुसा आधी," ती म्हणाली. "अन् शटर ओढा. नांदेडची गाडी सुटेल, वीरेश."